कमरेएवढं म्हणजे किती

सरांनी माझ्या ब्लॉगवर वर्षभरात एकसष्ट कमेंट केल्या. एकसष्टच्या एकसष्ट प्रश्न होते. ‘छान’, ‘उत्तम’, ‘लिहीत राहा’ असलं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण एकदा वैतागून मी त्या सगळ्या मोजल्या आहेत. मोजायची ही सवयही त्यांनीच लावली. तिच्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात ते कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला फाउंडेशन कोर्स शिकवायचे. हा विषय कोणी मनावर घेत नाही. समाज, पर्यावरण, हक्क असं सगळं थोडं थोडं असतं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गाइड चाळलं की माणूस पास होतो. पंचवीस मार्कांचा एक प्रोजेक्ट असायचा, तो कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा. प्रदूषण, जागतिकीकरण, बालमजुरी यातला एक विषय सांगायचा, पहिल्या पानावर आपलं नाव टाकून घ्यायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं. आमच्या आधीच्या कित्येक बॅचेस एकाच प्रदूषणावर पास झाल्या होत्या. मीही त्याच तयारीने गेले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अशा मुलांना कुठले नियम खरे आणि कुठले नावापुरते ते सांगणारं घरात कोणी नसतं. ती इतरांकडे बघून चालतात. आणि इतर सगळे झेरॉक्सवाल्याकडे जात होते.

सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "प्रोजेक्ट नाही. प्रत्येकाने ब्लॉग काढायचा. आठवड्याला एक पोस्ट. विषय कुठलाही, भाषा कुठलीही, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, ब्लॉग आता कोण वाचतं? रील चालेल का?"

"रीलवर मी प्रश्न विचारला तर उत्तर कोण देईल?"

"मीच देईन ना, सर."

"तू तर नाचत असशील."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते विनोद करत नव्हतेच, त्यांना खरोखर शंका होती.

ते अंबरनाथला राहायचे आणि तिथून सायकलने यायचे. पॅन्ट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा लावलेला असायचा आणि तो काढायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. निळा चिमटा लावून ते दिवसभर नागरिकांची कर्तव्यं शिकवायचे. आम्हाला ते नावाने हाक मारत नसत. रोल नंबर हेच नाव. मी अठ्ठेचाळीस. वर्षाच्या शेवटी माझं नाव त्यांना येत असेल, असं मला वाटत नाही. पण माझ्या तिसऱ्या पोस्टच्या दुसऱ्या परिच्छेदात काय होतं, हे त्यांना पाठ असायचं.

त्यांचा सगळ्यात वैताग आणणारा नियम म्हणजे कमेंटचं उत्तर कमेंटमध्येच द्यायचं. तोंडी नाही. समोर बसलेलो असताना आपण म्हणावं, "सर, तुम्ही काल विचारलं होतंत ना, त्याचं असं आहे की..." तर ते हात वर करून थांबवायचे. "तिथे लिही."

"सर, पण मी इथेच आहे."

"मी एकटाच ऐकेन. तिथे बाकीचे वाचतील."

एका मुलाने वैतागून विचारलं, "सर, वॉशरूमला जाऊ का, हे पण ब्लॉगवर विचारू?" तर सरांनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "नको. ते इतरांच्या उपयोगाचं नाही. जा."

दुसरा नियम होता, एकदा टाकलेली पोस्ट काढायची नाही. चूक झाली तर खाली दुरुस्ती लिहायची. "वहीतलं पान फाडलं की वही संशयित होते," असं ते म्हणायचे. पुढे हा नियम माझ्या घरापर्यंत आला. त्याच्याबद्दल सांगतेच.

कॉलेजात कॉम्प्युटर लॅब होती, पण तिची किल्ली ज्या शिपायाकडे असायची तो आमच्या तासाला हमखास बँकेत गेलेला असायचा. मग सर फळ्यावर ब्लॉग लिहायचे. खरंच. कुणाची तरी पोस्ट खडूने उतरवायची आणि मुलांनी एकेक करून येऊन तिच्याखाली खडूने कमेंट करायची. तास संपला की खाली मोठ्या अक्षरांत ‘पुसू नये’. पुढचा तास अकाउंटच्या मॅडमचा. त्यांनी दोन आठवडे कोपऱ्यात उरलेल्या हातभर जागेत ताळेबंद शिकवला. तिसऱ्या आठवड्यात त्या डस्टर घेऊन आल्या आणि आमच्यासमोर सगळा फळा पुसला. सर दारातच उभे होते.

"मॅडम, उत्तर यायचं होतं त्यावर."

"सर, माझी मुलं नापास होतील!"

"कुठली मुलं? रोल नंबर सांगा."

मॅडम पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. सरांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ऑफिसला रेकॉर्डसाठी हार्ड कॉपी हवी होती. क्लार्कने सांगितलं, ब्लॉग-बिग काय ते माहीत नाही, स्पायरल पाहिजे. म्हणजे वर्षअखेर आम्ही चौसष्ट जण आपापले ब्लॉग कमेंटसकट छापून घ्यायला त्याच झेरॉक्सवाल्याकडे रांगेत उभे. झेरॉक्सवाला सिंधी होता, सगळ्यांना ‘बेटा’ म्हणायचा. पानं काढता काढता तो वाचायला लागला आणि म्हणाला, "बेटा, ये तुम्हारे सर आदमी हैं या पुलिसवाले? हर जगह लिखा है, कितना, कब, किसने बोला?"

एका बाबतीत मात्र मला मान्य करावं लागतं. सरांना कळत नव्हतं असं नाही. माझ्या शेजारच्या बाकावर बावन्न बसायचा. उल्हासनगरच्याच कॅम्प एक भागात त्याच्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. त्याने हिंदीत लिहिलं, हमारी दुकान में बहुत ग्राहक आते हैं. सरांनी विचारलं, बहुत म्हणजे किती? त्याने रागाने आठवडाभर गल्ल्याजवळ बसून ग्राहक मोजले. मग त्याला दिसलं की दुपारी येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या साडी घ्यायला येतच नाहीत. शेजारच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत पंख्याखाली बसायला येतात. त्याने ते लिहिलं. वडील भडकले, ‘धंदे की बात बाहर क्यों डालता है?’ आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दाराशी दोन स्टुलं आणि पाण्याचा जार ठेवला. ती पोस्ट आमच्या कॉलेजात सगळ्यांनी वाचली. मला तर हेवा वाटला होता.

कारण माझी पहिली पोस्ट अशी होती: ‘बदलापूर हे निसर्गरम्य शहर आहे.’ खाली सरांची कमेंट: ‘आज घरातून निघाल्यापासून स्टेशनपर्यंत निसर्ग कुठे कुठे दिसला? यादी दे.’ मी दुसऱ्या दिवशी बघत बघत गेले. एक पिंपळ, एक नाला, चार शेळ्या, एका बिल्डरच्या बोर्डावर छापलेला डोंगर. डोंगर धरायचा की नाही, हे मला कळेना, म्हणून तसं लिहिलं. सरांनी विचारलं, ‘बोर्डामागे खरा डोंगर दिसतो का?’ दिसायचा. बोर्डाने झाकला होता. मला भयंकर राग आला, आणि त्या दिवसापासून मी रस्त्याने बघत चालायला लागले.

आम्ही बदलापूरच्या मांजर्लीत राहायचो, तळमजल्यावर. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर होते. सातवी शिकलेले. आई चौथी. दोघांनी पै पै जमवून घेतलेला फ्लॅट, आणि घेताना कोणीच त्यांना सांगितलं नाही की नदी फुगली की ती पहिल्यांदा आपल्याच दाराशी येते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी चौकट होती. डाव्या बाजूला माझ्या आणि भावाच्या उंचीच्या खुणा, दर पाडव्याला केलेल्या. उजव्या बाजूला पाण्याच्या. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला की आई पेन्सिलने एक रेघ मारायची आणि शेजारी साल लिहायची. का मारायची, कोण जाणे. घरात तिच्या हातचं दुसरं काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.

त्यावर मी पोस्ट लिहिली, फोटोसकट. ‘सगळ्यात मोठ्या पुराच्या वर्षी घरात कमरेएवढं पाणी होतं.’ ही पोस्ट चांगली झालीय, हे मला माहीत होतं. सकाळी उठून आधी मोबाइल बघितला.

‘कोणाची कंबर?’

मी लिहिलं, आईची.

‘आईची उंची?’

माहीत नाही, सर.

‘फोटोत खुणेशेजारी काही ठेवलेलं नाही. पट्टी, वही, चमचा. कमरेएवढं म्हणजे किती?’

मी मोजणार होते. पण त्याच आठवड्यात घरी दुसरंच सुरू झालं. आईला दम लागायचा. आधी पावसाळ्यापुरता, मग थंडीतही. भिंतींना खालून हात-दीड हात ओल कायमची आलेली, तिला वास यायचा. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे ही भिंत सोडा. बाबांनी ठरवलं की पावसाळ्याआधी फ्लॅट विकायचा आणि सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर जायचं. त्यांनी एजंट गाठला. एजंट म्हणाला, "काका, आधी रंग काढा. पार्टीला भिंत दिसते, नदी दिसत नाही." बाबांनी दोन रविवार खपून स्वतः रंग दिला. भिंतींना पिवळा, चौकटीला चॉकलेटी. आमच्या उंच्याही गेल्या आणि पाणीही गेलं.

आता ती पोस्ट मला जाळत होती. आमच्या सोसायटीचं नाव टाकून मोबाइलवर शोधलं की एकच गोष्ट निघायची: माझा ब्लॉग, आईच्या रेघा, आणि सालं. मी सरांकडे गेले. ते लॅबच्या बंद दाराशी पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होते.

"सर, मला एक पोस्ट डिलीट करायचीय."

"त्यात चूक आहे?"

"नाही सर, सगळं खरं आहे. म्हणूनच."

सरांनी मांडीवरची टरफलं कागदात गोळा केली. मला आशा वाटली.

"मग असं कर. ही पोस्ट मला का काढावीशी वाटते, ते खाली लिही. दोनशे शब्द."

"सर, तसं लिहिलं तर उलट अजून..."

"हो, उलट अजून चांगली होईल."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. "सर, आईला दम लागतो. घर विकलं गेलं नाही तर तिला अजून एक पावसाळा त्या ओलीत काढावा लागेल."

सरांनी शेंग सोलायची थांबवली. "हे पोस्टमध्ये कुठे आहे?"

अशा माणसाशी काय बोलणार? मी घरी येऊन पोस्टमधून सोसायटीचं नाव आणि गल्लीचं नाव काढलं. बाकी तशीच ठेवली, कारण पंचवीस मार्कांची भीती होती. नापास झालेली पहिली पदवीधर व्हायचं नव्हतं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी कमेंट: ‘सोसायटीचं नाव काल होतं, आज नाही. पुरात गेलं का? आणि मोजमाप?’

मी लिहिलं, सर, रंग दिला. खुणा गेल्या.

‘रंगाखाली आहेत. मग गेल्या कशा? येतो.’

हे ‘येतो’ मी सहज वाचून सोडून दिलं.

पुढच्या रविवारी अकरा वाजता पार्टी येणार होती. विठ्ठलवाडीला भाड्याने राहणारं जोडपं, पहिलंच घर घेत होतं. एजंटने फोनवर सांगितलं होतं, जवळजवळ पक्कं आहे. आईने सकाळपासून कापूर जाळला होता, ओलीचा वास मारायला. त्या धुराने तिलाच ढास लागत होती. बाबा नवा शर्ट घालून दारात उभे.

पावणेअकराला बेल वाजली. दारात सर. पायाला निळा चिमटा, खांद्याला कापडी पिशवी.

"अठ्ठेचाळीस, घर सापडायला फार त्रास झाला. तू पत्ता काढून टाकलास ना."

बाबांना वाटलं, पार्टीकडचं कोणीतरी मोठं माणूस. त्यांनी खुर्ची ओढली. "या, या साहेब. बसा. घर तसं हवेशीर आहे बघा."

"हवेशीर?" सरांनी नाक वर करून वास घेतला. "कापूर आहे."

"बाबा, हे माझे सर आहेत," मी कसंबसं म्हटलं. बाबांनी पटकन हात जोडले. शिकवणाऱ्या माणसापुढे त्यांचे हात आपोआप जोडले जातात. "सर, आज जरा पाहुणे येणार आहेत..." ते इतकंच म्हणाले. सर म्हणाले, "येऊ द्या, माझं पाच मिनिटांचं काम आहे," आणि पिशवीतून स्टीलचा टेप काढला.

तेवढ्यात ते लोक आलेच. पुढे एजंट, मागे नवरा-बायको. बायकोच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. बाबा आणि एजंट त्यांना बेडरूम दाखवायला घेऊन गेले. मी सरांना खुणेने विनवत होते. त्यांना खुणा कळत नाहीत. ते चौकटीपाशी उभे राहून रंगावरून बोट फिरवत होते. बेडरूम बघून मंडळी स्वयंपाकघराकडे आली.

"बरं झालं आलात," सर त्या नवऱ्याला म्हणाले. "हे टोक धरा जरा. खाली, फरशीला टेकवा."

तो बिचारा वाकला. त्याला वाटलं असेल, सुताराचं काही काम आहे. एजंट माझ्याकडे बघायला लागला.

सर आईकडे वळले. आई ओट्याशी उभी होती. "ताई, सगळ्यात वरची खूण कुठे होती?"

मी आईकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. आईने पदराने हात पुसला, दोन पावलं पुढे आली आणि चौकटीच्या उजव्या बाजूला तळहाताची कड ठेवली. शोधलं नाही, चाचपलं नाही. दिव्याच्या बटणावर हात जावा तसा गेला.

सरांनी टेप वर खेचला. "तीन फूट सात इंच. पण ताई, हे तर तुमच्या कमरेच्या वर आहे. मुलीने कमरेएवढं लिहिलंय."

"आधी कमरेएवढंच होतं," आई म्हणाली. "मग वाढलं."

"काय वाढलं?" वाकलेल्या नवऱ्याने खालूनच विचारलं.

"पाणी," सर म्हणाले.

एजंट पुढे सरसावला. "कॉलेजचं आहे हो ते, प्रोजेक्ट. मुलं काहीही लिहितात. जुनी गोष्ट आहे."

"किती जुनी?" हे सरांनीच विचारलं. त्यांना वाटलं, एजंटला माहीत असेल.

त्या बायकोने चौकटीकडे बघितलं, मग बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. नवरा उठला, गुडघे झटकले. "काका, आम्ही फोन करतो," म्हणाला. तो फोन यायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळलं. सर सोडून.

एजंट जाताना चपला घालता घालता म्हणाला, "काका, आता दुसरा एजंट बघा. हा मास्तर घरात असेपर्यंत आपल्याच्याने होणार नाही."

बाबा सरांसमोर येऊन उभे राहिले. आवाज चढू नये म्हणून त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या होत्या. "सर, तुम्ही माझ्या पोरीला शिकवता, म्हणून मी एक शब्द बोलत नाही. चहा झाला असेल तर निघा."

"चहा अजून आला नाही," सर म्हणाले.

आणि आईने खरंच चहा आणला. बाबा बाहेर निघून गेले, गेटपाशी जाऊन उभे राहिले. सरांनी चहा बशीत ओतून प्यायला. मग मला विचारलं, "ते लोक घर बघायला आले होते का?"

"हो, सर."

"आणि त्यांना माहीत नव्हतं?"

"नाही, सर."

"मग बरंच झालं की."

"आणि माझ्या आईचं काय, सर?"

मी जवळजवळ ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या शिक्षकाशी तसं बोलले. आई कपबशी उचलत होती, तिचा श्वास खोलीत ऐकू येत होता. सरांनी तो ऐकला. टेप पिशवीत टाकला, आईला नमस्कार केला आणि गेले. गेटवर ते बाबांनाही काहीतरी म्हणाले. बाबांनी तोंड फिरवलं.

त्यानंतर दोन आठवडे माझ्या ब्लॉगवर एकही कमेंट आली नाही. मग एक आली: ‘ताईंचा दम कसा आहे?’ मी उत्तर दिलं नाही.

घर विकलं गेलं नाही. त्या पावसाळ्यात पाणी आलं, फार नाही, चौदा इंच. हे मी स्वतः मोजलं, रागाने. आईला मुरबाडला मामाकडे नेऊन ठेवावं लागलं, अडीच महिने. बाबा डबा स्वतः करून कंपनीत जायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मी कॉलेज सोडावं असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. एवढी एकच गोष्ट त्या वर्षात माझ्या बाजूची होती.

त्या पावसाळ्याआधीच, वर्षअखेर, प्रोजेक्टला सरांनी मला पंचवीसपैकी एकोणीस दिले होते. मी स्टाफरूममध्ये गेले. माझ्या घराची पुरती वाट लावून वर सहा मार्क कापलेले.

"सर, सहा कसले?"

त्यांनी स्पायरल उघडलं. "मोजमाप तू घेतलं नाहीस, मी घेतलं. त्याचे पाच."

"आणि एक?"

"एका कमेंटचं उत्तर नाही."

मी स्पायरल उचललं आणि बाहेर आले. गेटपर्यंत येईतो माझ्या मनात त्यांच्यासाठी जेवढी विशेषणं आली, तेवढी त्यांनी वर्षभरात आम्हाला वापरू दिली नव्हती.

पदवी झाली. डोंबिवलीला एका ऑफिसात लागले. तिथे आमचे साहेब म्हणतात, "तुझा रिपोर्ट आला की कोणाला फोन करून विचारावं लागत नाही." हे ऐकलं की मला सर आठवतात आणि लगेच रागही येतो. दुसऱ्या वर्षी सोनिवलीला तिसऱ्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं आणि आईबाबांना तिथे आणलं. मांजर्लीचा फ्लॅट एका क्लासवाल्याला भाड्याने दिला. पाण्याचं बाबांनीच त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जूनमध्ये बाकं वर चढवतो.

सामान लावत होतो त्या दिवशीची गोष्ट. आई स्वयंपाकघरात डबे मांडत होती. मांजर्लीत आमचा तांदळाचा डबा कधी जमिनीवर नसायचा, फळीवर असायचा, त्याच्याखाली अजून दोन विटा. आईने तो डबा इथे खाली फरशीवर ठेवला आणि दम खायला त्याच्याच झाकणावर बसली. श्वास बरा होता, पण पूर्ण बरा नव्हता. ते दोन पावसाळे तिच्या छातीत राहिलेच.

मी म्हटलं, "हे सगळं दोन वर्षं आधी झालं असतं. त्या माणसाने त्या दिवशी येऊन घाण केली."

"त्यांनी काय केलं? हात मी ठेवला."

"तुला ती माणसं उभी असल्याचं लक्षातच राहिलं नसेल."

"राहिलं होतं की. समोरच तर होती."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. "मग का ठेवलास, आई?"



"तुझे बाबा विचारतात, मीठ घातलंस का, दार लावलंस का. डॉक्टर विचारतात, गोळ्या घेतल्या का. त्यांना सगळ्यांना आधीच माहीत असतं, मला नुसतं तपासतात. तुझ्या सरांना खरंच माहीत नव्हतं गं. एवढा शिकलेला माणूस, सायकल मारत आला होता, आणि त्याला माहीत नव्हतं." ती डब्यावरून उठली. "मला माहीत होतं."